लेक लाडकी आणि मातृवंदना: एक लाख एक हजाराचा खरा हिशोब (आणि तो लावून देणाऱ्यांचा रिव्ह्यू)

स्टार आधीच देऊन टाकते, ज्यांना घाई आहे त्यांनी इथूनच माघारी फिरावं. मातृवंदना योजनेला चार, लेक लाडकीला तीन, आमच्या अंगणवाडीच्या ताईंना पाच आणि स्टँडजवळच्या ऑनलाइन सेंटरला एक, तोपण झेरॉक्स स्वच्छ काढतात म्हणून. बँकेला स्टार नाही, बँकेबद्दल खाली सविस्तर बोलू.

मी पतसंस्थेत कॅश काउंटरला असते, दिवसभर लोकांच्या आरडी-एफडीचे आकडे डोळ्यापुढे, त्यामुळे कुठेही रक्कम दिसली की त्याला व्याज लावून बघायची खोड लागलीये. दादाला २०२५ मध्ये पहिली मुलगी झाली आणि आमच्या घरी कागदपत्रांचं काम नेहमी माझ्याकडेच येतं, तसं हेही आलं. दादा गॅरेजमध्ये हेल्पर आहे, काम असेल तसे पैसे, वहिनी घरी ब्लाऊज-फॉल-पिको करते, कार्ड केशरी. जिल्हा नगर, म्हणजे आता अहिल्यानगर, तालुका सांगत नाही कारण पुढे काही लोकांबद्दल तोंड सोडणार आहे.

तर आधी कुठली योजना कुठली ते बघू, कारण अर्धा गोंधळ इथेच आहे. प्रधानमंत्री मातृवंदना ही केंद्राची, २०१७ पासून चालू आहे, पैसे आईच्या खात्यात येतात. पहिल्या बाळाला ५,०००, मग मुलगा असो का मुलगी. गरोदरपणाची नोंद करून किमान एक तपासणी झाली की ३,००० आणि बाळाची जन्मनोंद होऊन सुरुवातीच्या लसींचा टप्पा पूर्ण झाला, म्हणजे साधारण साडेतीन महिन्याच्या डोसपर्यंत, की २,०००. दुसरं बाळ मुलगी असेल तर ६,००० एकदम. दुसरा मुलगा झाला तर काही नाही, हे ऐकून आमच्या शेजारच्या आजींचा चेहरा बघण्यासारखा झालेला, त्यांच्या आयुष्यात पहिल्यांदाच मुलगा झाल्याने कुणाचं तरी नुकसान झालं असेल.

लेक लाडकी ही आपल्या राज्याची. ३० ऑक्टोबर २०२३ चा जीआर, पण १ एप्रिल २०२३ ला आणि त्यानंतर जन्मलेल्या मुलींना लागू. पिवळं किंवा केशरी रेशनकार्ड पाहिजे, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न १ लाखाच्या आत पाहिजे, कुटुंब महाराष्ट्रातलं आणि बँकेचं खातंही महाराष्ट्रातलंच पाहिजे. जन्मल्यावर ५,०००, पहिलीत गेल्यावर ६,०००, सहावीत ७,०००, अकरावीत ८,००० आणि १८ पूर्ण झाल्यावर ७५,०००. बेरीज १,०१,०००. बॅनरवर हीच बेरीज मोठ्या अक्षरात असते आणि त्याखालचे हप्ते मुंगीच्या अक्षरात.

आणि तिसरी ती लाडकी बहीण, महिन्याला १,५०० वाली. तिचा यातल्या कशाशीच संबंध नाही. नावं सारखी ठेवलीत त्यामुळे लोक येऊन विचारतात "बहिणीचं केवायसी केलंय, आता लेकीचं आपोआप होईल ना?" नाही होणार बाई. लेकीचा अर्ज वेगळा, तिच्या नावाने, वेगळ्या कागदांवर.

आता माझ्या आवडीचा भाग. दादा घरी आला तो एकदम खूश, म्हणे पोरगी लखपती जन्माला आली. मी म्हणलं थांब जरा. मुलगी २०२५ ची आहे, म्हणजे पहिलीत जाणार २०३१ ला, सहावीत २०३६ ला, अकरावीत २०४१ ला आणि १८ ची होणार २०४३ ला. म्हणजे या १,०१,००० पैकी आज हातात फक्त ५,०००, आणि चौथा हिस्सा सोडून बाकी तीन हिस्से सगळे २०४३ मध्ये. २०४३ मध्ये ७५,००० ला काय येईल? मी महागाई वर्षाला ६ टक्के धरली, फार जास्त नाही धरली. १८ वर्षांनंतरचे ७५,००० म्हणजे आजचे साधारण २६,३००. पहिलीतले ६,००० म्हणजे आजचे ४,२३०, सहावीतले ७,००० म्हणजे ३,६९०, अकरावीतले ८,००० म्हणजे ३,१५०. जन्माचे ५,००० मिळवले की सगळं मिळून आजच्या भावात ४२,००० च्या आसपास. महागाई ५ टक्केच धरली तरी ४८,००० च्या वर जात नाही फार. गंमत बघा ना, हप्त्याची रक्कम दर वेळी हजाराने वाढत जाते, ६, ७, ८, ऐकायला किती छान, पण आजच्या भावात बघितलं तर तो हप्ता दर वेळी कमीच होत जातो. कॅलक्युलेटर कोणाच्याही मोबाईलमध्ये आहे, करून बघा.

याचा अर्थ योजना फालतू आहे असं मी म्हणत नाहीये. ४२,००० पण ४२,०००च आहेत आणि गरिबाच्या घरी ते कोणी हातावर ठेवत नाही. पण लखपती वगैरे म्हणू नका, दादासारखी माणसं त्या आकड्यावर मनातल्या मनात लग्न लावून मोकळी होतात.

त्याच्यापुढे मातृवंदनेचे ५,००० बघा. आकडा छोटा वाटतो पण सगळेच्या सगळे वर्षभरात, जेव्हा गरज असते तेव्हाच. वहिनीला सातव्या महिन्यापासून मशीनवर बसणं बंद करावं लागलं होतं, तेव्हा ते ३,००० हाती आले (मधे कुठे अडकले होते ते खाली बँकेत सांगते) ते थेट औषधं, फळं आणि तपासणीला जायच्या रिक्षात गेले. म्हणून तिला चार स्टार. लेक लाडकीचे जन्माचे ५,००० त्यात मिळवले तर पहिल्या वर्षभरात १०,००० होतात, सरकारी दवाखान्यात बाळंतपण झालेलं आणि जननी सुरक्षात (दवाखान्यातल्या बाळंतपणाला पैसे देणारी योजना) बसत असाल तर ग्रामीण भागात वरचे ७०० अजून, शहरात ६००. जननी सुरक्षा मात्र बीपीएल आणि एससी-एसटीलाच, आमच्या केशरी कार्डाला ते नव्हतं.

हा १०,००० चा आकडा खरा धरून चालायचा. बाकीचं २०३१ नंतर बघू.

आता सेंटरकडे येऊ. मी दुपारी कामावर असते म्हणून दादा आधी तिकडेच गेला. बाहेर बोर्ड, त्यावर सगळ्या योजना, पॅनकार्डपासून पीक विम्यापर्यंत, आणि खाली "लेक लाडकी ₹१,०१,००० त्वरित फॉर्म भरा". आत काउंटरवर एक पोरगा, दोन मोबाईल, कानात हेडफोन. दादाला म्हणाला चारशे रुपये होतील, स्कॅनिंगचे वेगळे, दोन फोटो द्या. पैसे कधी येतील विचारलं तर म्हणे "सरकार टाकेल तेव्हा". नशीब दादाने मला फोन लावला. मी म्हणलं त्याला फोन दे. विचारलं बाबा कुठल्या पोर्टलवर भरतोस ते सांग. तर त्याने लाडकी बहीणचं नाव घेतलं. मग म्हणाला मॅडम, सगळं एकच असतं हो.

एकच नसतं. लेक लाडकीचा फॉर्म आम्ही कागदावर भरला आणि अंगणवाडीत दिला, पुढची ऑनलाइन एंट्री त्यांच्या खात्यातले लोक करतात, त्यासाठी आपल्याला एक रुपया लागला नाही. मातृवंदनेचा अर्ज पोर्टलवर स्वतः मोबाईलवरून भरता येतो किंवा आशाताई, अंगणवाडीताई भरून देतात, तोही फुकट. म्हणजे चारशे कशाचे? तर माहीत नसल्याचे. मी सगळ्या सेंटरवाल्यांना बोलत नाहीये, उत्पन्नाचा दाखला काढायला सेंटरलाच जावं लागतं बहुतेकांना आणि तिथे सरकारी फी आहे ती द्यायलाच पाहिजे, पावती मागा आणि द्या. आमच्याकडे त्याने दाखल्याच्या प्रतिज्ञापत्रासाठी ५०० चा स्टँप पेपर पण सांगितला होता, तो दाखल्यांसाठी सरकारने २०२५ मध्येच माफ केलाय. हे म्हणल्यावर "हो का, आमच्याकडे अजून आलं नाही तसं" म्हणाला आणि प्रिंट काढून दिली. झेरॉक्स मात्र खरंच स्वच्छ, आधारवरचा फोटोसुद्धा ओळखू येतो.

उत्पन्नाचा विषय निघालाच आहे तर. १ लाखाची मर्यादा म्हणजे महिन्याला ८,३३३. रोजचे ३०० रुपये हजेरी आणि महिन्याला २६ दिवस काम धरलं तर वर्षाचे ९३,६०० होतात, बसलात. हजेरी ३५० झाली की १,०९,२००, उडालात. आणि आईने घरबसल्या शिवून, भाजी विकून चार पैसे मिळवले ते अजून धरलेच नाहीत. आज ३५० रुपये हजेरीवाला माणूस काय श्रीमंत आहे का? केशरी कार्डाची १ लाखाची वरची मर्यादा ठरली १९९९ साली, तेव्हा १ लाख म्हणजे खरंच काहीतरी होतं. तीच रेघ धरून २०२३ ची योजना आखलीये. परिणाम काय होतो ते गावाकडच्या सगळ्यांना माहीत आहे, तलाठ्याच्या अहवालावर कुणाचं उत्पन्न किती येतं यावर मी इथे जास्त बोलत नाही. पण जो माणूस सरळपणे खरा आकडा सांगेल तोच बाहेर राहील अशी रेघ कशाला मारायची? लेक लाडकीचा एक स्टार मी इथे कापलाय, दुसरा त्या ७५,००० साठी.

मातृवंदनेचं याच्या उलट आहे आणि हे बऱ्याच जणींना माहीत नसतं. ती फक्त बीपीएलला आहे असं समजून नोकरी करणाऱ्या पोरी अर्जच करत नाहीत. कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला ८ लाखाच्या आत असेल तरी बसता. नाहीतर ई-श्रम कार्ड, नरेगाचं जॉब कार्ड, आयुष्मान कार्ड, अन्नसुरक्षेचं रेशनकार्ड, एससी-एसटी, अपंगत्व ४० टक्के किंवा जास्त, यातलं कुठलंही एक चालतं. सरकारी किंवा सरकारी कंपनीतली कायम नोकरी असेल, किंवा कायद्याने तसाच लाभ दुसरीकडून मिळत असेल तर नाही. आमच्या पतसंस्थेतली एक जण पाच महिन्यांची गरोदर, नवऱ्याचं छोटं दुकान, तिला वाटायचं आपण यात कुठे. बसली की.

आता पाच स्टारवाल्या ताई. अंगणवाडी म्हणजे देवळामागची एक खोली, पत्र्याचं शेड, भिंतीवर फळांची चित्रं, वजनकाटा आणि टेबलावर उभी चळत लावलेली रजिस्टरं. मी गेले तेव्हा एका हाताने पोरांना खिचडी वाढत होत्या आणि दुसऱ्या हाताने मोबाईलच्या ॲपमध्ये कोणाची तरी उंची टाकत होत्या, नेटवर्क नव्हतं म्हणून मधूनमधून दारात जाऊन मोबाईल वर धरायच्या. मी म्हणलं ताई, लेक लाडकीचं विचारायचं होतं. त्यांनी आधी काय विचारलं असेल? "आधारवर नाव माहेरचं का सासरचं?" फॉर्म नाही, पैसे नाहीत, पहिला प्रश्न हा. कारण सगळी गाडी इथेच अडते हे त्यांना पाठ झालंय. वहिनीचं आधार माहेरच्या नावाने, पासबुक सासरच्या नावाने, रेशनकार्डावर तिसरंच स्पेलिंग. ताईंनी सांगितलं की मातृवंदनेच्या फॉर्मवर नाव आधारवर जसं आहे तसंच टाका, लाज वाटून सासरचं टाकू नका, अर्ज परत येतो. आधार बदलायचंच असेल तर ग्रामपंचायतीतून विवाह नोंदणीचा दाखला काढा आणि बाळंतपणाच्या आधी बदलून घ्या, कारण बाळाच्या जन्मदाखल्यावर आईचं नाव त्याच्यावरूनच जाणार. जन्माची नोंद पण २१ दिवसांत करा, त्यात फुकट होते.

मग त्यांनी त्यांच्या डायरीच्या मागच्या पानावर पाच ओळी लिहिल्या, प्रत्येक ओळीत साल, इयत्ता, रक्कम आणि समोर लागणारा कागद. मी जे कॅलक्युलेटरवर काढलं ते त्यांनी सालासकट सरळ हाताने लिहिलेलं होतं, फक्त महागाई लावलेली नव्हती. पहिली-सहावी-अकरावीसमोर "शाळेचा बोनाफाईड". १८ समोर "मतदार यादीत नाव" आणि "लग्न झालेलं नको". आणि सहावीच्या ओळीखाली दोनदा रेघ मारून "ऑपरेशन दाखला". त्या पानाचा फोटो काढला, घरच्या ग्रुपवर टाकला, दादाने एवढं एकच फॉरवर्ड आजपर्यंत शेवटपर्यंत वाचलं असेल.

त्या ऑपरेशनच्या दाखल्याबद्दल दोन शब्द, कारण बॅनरवर हे कोणी लिहीत नाही. पहिल्या मुलीच्या तिसऱ्या हप्त्याला, म्हणजे सहावीच्या ७,००० ला, आणि दुसऱ्या अपत्याच्या दुसऱ्या हप्त्याला आईने किंवा वडिलांनी कुटुंब नियोजनाची शस्त्रक्रिया केल्याचं प्रमाणपत्र जोडावं लागतं. वडिलांनी केली तरी चालते हे जीआरमध्ये आहे. हे वाक्य मी दादासमोर मुद्दाम दोनदा वाचलं. तो पाणी प्यायला उठला.

एक मुलगा आणि एक मुलगी असेल तर मुलीला मिळतं, दोन्ही मुली असल्या तर दोघींना. दुसऱ्या खेपेला जुळं झालं तर त्यातल्या एका किंवा दोन्ही मुलींना मिळतं, मात्र नंतर ऑपरेशन करावं लागतं. १ एप्रिल २०२३ च्या आधीचं पहिलं मूल असेल आणि नंतर दुसरी मुलगी झाली तर ती पण बसते, तिथेही ऑपरेशनची अट आहेच.

आता बँक. पैसे डीबीटीने (सरकारकडून थेट खात्यात) येतात म्हणजे खाते क्रमांकावर नाही तर आधारवर येतात, हे समजायला आमच्या घरात सगळ्यात जास्त वेळ गेला. वहिनीने फॉर्मला पासबुक जोडलं गावातल्या बँकेचं. ३,००० मंजूर झाल्याचं पोर्टलवर दिसतंय, मेसेज पण आला, आणि पासबुकात काही नाही. बँकेत गेलो तर काउंटरवरच्या साहेबांनी स्क्रीन बघून सांगितलं आधार लिंक आहे, आमच्याकडून काही प्रॉब्लेम नाही, पुढच्या आठवड्यात या. पुढच्या आठवड्यात दुसरे साहेब, त्यांनी पण तेच. मॅनेजर मीटिंगला. मग आमच्याच संस्थेतल्या एकाने सांगितलं की "लिंक" वेगळं आणि "सीडिंग" वेगळं. लिंक म्हणजे त्या बँकेला तुमचा आधार नंबर माहीत आहे एवढंच. सीडिंग म्हणजे एनपीसीआयच्या (बँकाबँकांतले पैसे फिरवणारी संस्था) यादीत तुमच्या आधारपुढे कुठल्या बँकेचं नाव आहे ते, आणि तिथे एकावेळी एकच बँक असते, शेवटची जी जोडली ती. वहिनीचं नाव कुठे निघालं? लग्नाआधी कॉलेजला असताना मोबाईलच्या दुकानात सिमकार्डाबरोबर एक खातं उघडून दिलं होतं अंगठा घेऊन, ते तिलाही आठवत नव्हतं. ३,००० तिथे जाऊन बसलेले. ते सिम पण बंद.

हे बघायचं कसं ते सांगते, कुठेही न जाता. माय आधारच्या वेबसाइटवर आधार नंबर आणि ओटीपी टाकून लॉगिन करा, आत बँक सीडिंग स्टेटस म्हणून आहे, तिथे बँकेचं नाव आणि चालू आहे की नाही ते दिसतं. त्यासाठी आधारला मोबाईल नंबर जोडलेला पाहिजे, बऱ्याच बायकांच्या आधारला वडिलांचा किंवा भावाचा जुना नंबर असतो, ते आधी बदला. बँक चुकीची दिसली तर ज्या बँकेत पैसे पाहिजेत तिथे आधार सीडिंगचा फॉर्म द्या, तोंडी सांगू नका, फॉर्म भरून पोच घ्या. आमचं बदलून झाल्यावर पुढचे २,००० बरोबर गावातल्या खात्यात आले आणि लेक लाडकीचे ५,००० पण काही महिन्यांनी तिथेच. जुन्या खात्यातले ३,००० काढायला केवायसी परत करावी लागली, पण निघाले. बँकेतल्या पहिल्या साहेबांनी हेच पहिल्या दिवशी सांगितलं असतं तर दोन मिनिटांचं काम होतं. म्हणून स्टार नाही.

आमच्याकडे एक मत असं पण आहे की राज्याची आधीची योजना, 'माझी कन्या भाग्यश्री', बरी होती. मला पण तसंच वाटतं, निदान रचनेच्या बाबतीत. तिच्यात एका मुलीवर ऑपरेशन केलं तर मुलीच्या नावाने ५०,००० बँकेत ठेवायचे आणि दोन मुलींवर केलं तर २५,००० प्रत्येकी. म्हणजे रक्कम आजच ठेवली जायची आणि व्याज तिचं. लेक लाडकीत मुलीच्या नावावर आज काही ठेवलं जात नाही, २०४३ च्या सरकारने २०४३ च्या बजेटमधून द्यायचं आहे. मधे निवडणुका किती, योजनांची नावं किती वेळा बदलतील, राज्याच्या जुन्या सुकन्या योजनेची भाग्यश्री झाली, भाग्यश्रीची लेक लाडकी झाली, हे सगळं तर दहा वर्षांच्या आत झालंय. मी पतसंस्थेत बसते, आमच्याकडे कोणी "१८ वर्षांनी देतो, आज पावती नाही" म्हणलं तर सभासद टेबल उलटं करतील. ७५,००० महागाईला बांधले किंवा जन्माच्या वेळीच त्याच्या निम्मे मुलीच्या खात्यात टाकले तर मी आनंदाने स्टार वाढवीन.

तोवर आम्ही काय केलं, तर पोस्टात सुकन्या समृद्धीचं खातं उघडलं. वर्षाला किमान २५० भरायचे, १५ वर्षं, आणि सध्या ८.२ टक्के व्याज आहे, तो दर तिमाहीला ठरतो म्हणजे खाली पण येऊ शकतो. लेक लाडकीच्या पहिल्या हप्त्याचे ५,००० सगळे तिकडे टाकले. हाच दर राहिला असं धरलं तर त्या ५,००० चेच मुलगी १८ ची होईपर्यंत २०,००० च्या आसपास होतात, बाकी दरवर्षीचे २५० वेगळे. दादाला हे जास्त पटलं, कारण पासबुक आहे, त्यावर पोरीचं नाव छापलेलं आहे, उघडून बघता येतं. पण ज्या घरात ते ५,००० दुधाला आणि डॉक्टरला लागणार आहेत त्यांनी ते खर्चच करावेत, मी उगाच शहाणपण शिकवणार नाही, पैसे त्यासाठीच आहेत.

एक वेगळी गोष्ट, ज्यांच्या घरात मुलांचे वडील किंवा आई नाहीत किंवा एकच पालक आहे त्यांनी बालसंगोपन योजनेची चौकशी करा, तिथे महिन्याला २,२५० आहेत. महिन्याच्या महिन्याला मुलासाठी म्हणून पैसे देणारी आपल्याकडे माझ्या बघण्यात तीच आहे, आणि तिचा एक बॅनर मी अजून पाहिला नाही. जिल्ह्याच्या महिला व बालविकास कार्यालयात विचारायचं, सेंटरवाल्याला नाही.

इनबॉक्समध्ये दोघींनी विचारलंय की दुसरी मुलगी आहे, उशीर झाला तर ६,००० गेले का. मातृवंदनेला बाळ जन्मल्यापासून २७० दिवसांच्या आत अर्ज गेला पाहिजे, म्हणजे ढोबळ नऊ महिने. आधी जन्मदाखल्यावरची तारीख बघा, मोबाईलच्या कॅलेंडरवर मोजा, दिवस शिल्लक असतील तर माता-बाल संरक्षण कार्ड, लसीकरणाच्या नोंदीचं पान, आधार आणि रेशनकार्ड किंवा जे कार्ड लागू असेल ते घेऊन जा. कार्डावर पाळीची तारीख आणि पहिल्या तपासणीची तारीख नीट वाचता येते का ते घरीच बघून घ्या, आमच्या कार्डावर नर्सबाईंनी ती अशी काही लिहिली होती की १ आहे का ७ आहे यावर अर्धा तास गेला. आणि लसीकरणाच्या दिवशी अंगणवाडीत जाऊ नका, त्या दिवशी ताईंना बोलायलाच काय, बसायला पण वेळ नसतो.